तीन मिलिमीटरचं भोक

कानसकाकांच्या हातात काहीही द्या, परत करताना ते त्याची कड घासूनच परत करतील. एकदा मी त्यांना माझ्या टेबलाची किल्ली दिली होती, खणातून एक रजिस्टर काढून आणायला. किल्ली परत आली ती इतकी गुळगुळीत होऊन की पुढे तो खण उघडेचना. "दाते टोचत होते," काका म्हणाले. किल्लीचे दाते टोचतात म्हणून ते घासून टाकणारा दुसरा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

मी एका संशोधन संस्थेचं भांडार सांभाळते. काचेच्या नळ्या, हातमोजे, स्क्रू, रसायनांच्या बाटल्या, जे लागेल ते माझ्याकडून न्यायचं. काका माझ्या समोरच्या दारात, वर्कशॉपमध्ये फिटर. चौतीस वर्षं तिथेच. माझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठे, पण सगळे काका म्हणतात म्हणून मीही काका म्हणते, आणि ते मला भांडारबाई म्हणून त्याची परतफेड करतात. वरच्या मजल्यावरचे शास्त्रज्ञ नवनवे पदार्थ बनवतात. त्या प्रत्येक पदार्थाला कुठे ना कुठे एक पट्टी, एक पकड किंवा एक भोक लागतं, आणि त्यासाठी सगळ्यांना खाली उतरावं लागतं. काकांची बायको म्हणते, ह्यांचं निम्मं आयुष्य भोकं पाडण्यात गेलं आणि उरलेलं निम्मं ती भोकं घासण्यात. घरातल्या भिंतीवर मात्र एक खिळा अकरा वर्षं वाट पाहतोय.

या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे तीन मिलिमीटरचं एक भोक. त्याचीच ही हकीकत आहे.

ते भोक मागायला आली ती भिंगरी. हे नावही काकांनीच ठेवलेलं. वर पीएचडी करणारी ही मुलगी दिवसभर काचेचे नखाएवढे तुकडे एका चकतीवर गरगर फिरवत असते, आणि स्वतःही तशीच फिरते. तिचा पदार्थ म्हणजे पेरोव्स्काइट. खडकात सापडणाऱ्या एका खनिजावरून हे नाव पडलं. त्या खनिजात अणू ज्या पद्धतीने रचलेले असतात, तशीच रचना असणाऱ्या सगळ्या स्फटिकांचं हे आडनाव म्हणा ना. भिंगरीच्या घराण्यात शिसं असतं, आयोडीन असतं आणि आणखी एकदोघं. ते सगळं विरघळवून फिरत्या काचेवर थेंब टाकायचा, नेमक्या सेकंदाला वरून दुसऱ्या एका द्रवाचा थेंब सोडायचा, मग काच गरम तव्यावर ठेवायची. पिवळट थर बघता बघता काळा होतो. थर केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ, पण त्यावर ऊन पडलं की वीज देतो. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका स्फटिकाला उलट वीज दिली की तो उजेड देतो. एकदा तिने काकांना मुद्दाम वर नेऊन दाखवलं. दोन तारा लावल्या, आणि तो नखाएवढा तुकडा हिरवागार उजळला. आम्ही सगळे बघत राहिलो. काका जवळ वाकले आणि म्हणाले, "ही काच कोणी कापली? कड किती वाईट आहे."

पदार्थ गुणी, पण महा रुसका. हवेतला जरासा ओलावा लागला की काळ्याचा पुन्हा पिवळा. आज जमलं ते उद्या जमेलच याची खात्री नाही. वरच्या मजल्यावर कुणाचं काही बिघडलं की सगळे एकाच सुरात म्हणतात, "पेरोव्स्काइट आहे, चालायचंच." ही सवय पुढे फार महागात पडली.

आता त्या भोकाचं काम समजून घ्या. उन्हावर वीज देणारा असा एक तुकडा म्हणजे एक सेल. तो किती चांगला, हे ठरवायचं तर त्यावर पडलेल्या उजेडातल्या किती टक्क्यांची वीज झाली हे काढावं लागतं. म्हणजे उजेड नेमका किती जागेवर पडला, हे पक्कं हवं. म्हणून सेलवर एक काळा पातळ पत्रा, वरच्यांच्या भाषेत मास्क, ठेवतात आणि त्याला चौकोनी भोक असतं. त्यातून जाईल तेवढाच उजेड. भिंगरीला बाजू हवी होती तीन मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ नऊ. "काका, हिशोबात मी नऊ धरणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही मला नऊच द्या."

काकांनी दोन दिवस लावले. आधी गोल भोक पाडलं, मग सुईएवढ्या कानशीने चारी बाजू सरळ केल्या, डोळ्याला भिंग लावून. तिने वर सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं तर चारी बाजू बरोब्बर तीन. पत्र्याच्या पाकिटावर तिने मापाची चिठ्ठी चिकटवली. काका त्या दिवशी दोनदा माझ्याकडे आले, दोन्ही वेळा काही न लागता, फक्त "बरोब्बर तीन" हे सांगायला.

दुसऱ्या दिवशी भिंगरी पुन्हा खाली आली. "काका, कड जरा धारदार आहे. सेलवर ओरखडा उठतो."

कड धारदार आहे, असं कानसकाकांना सांगायचं म्हणजे पोराला चिखल दाखवायचा. त्यांनी तिथल्या तिथे पाच मिनिटांत कड घासली, बोट फिरवून पाहिलं, काळा रंग दिला आणि पत्रा परत केला. पाकिटावरची चिठ्ठी होती तीच राहिली.

त्याच आठवड्यात भिंगरीने तिच्या मिश्रणात एक नवा क्षार चिमूटभर टाकून पाहिला होता. आधी तिचे सेल तेवीस पूर्णांक चार टक्क्यांवर अडलेले असायचे. या वेळी आकडा आला पंचवीस. एकदा नाही, दहाच्या दहा सेलांवर. तिचे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, जिना धावत उतरताना दिसले. गेल्या दहा वर्षांत त्यांना धावताना कोणी पाहिलं नव्हतं. महिन्याभरात सेल बाहेरच्या मोठ्या तपासणी केंद्राला पाठवायचे ठरले. तिथून शिक्का मिळाला की भिंगरीचं नाव सगळीकडे होणार होतं. तिने सगळ्यांसमोर आईला फोन लावला आणि "आई, पंचवीस" एवढंच म्हणून रडायला लागली. आईला बिचारीला काहीच कळलं नसणार.

केक आला. भिंगरीने काकांना पुढे ओढलं. "माझा सगळा हिशोब या माणसाच्या भोकावर उभा आहे."

सगळे हसले. काकाही हसले. मग हातातला केकचा तुकडा तोंडाशी नेता नेता थांबून त्यांनी विचारलं, "तू माप कधी घेतलं होतंस गं?"

"तुम्ही आणलंत त्याच दिवशी."

काकांनी केक खाली ठेवला. केक टाकणारा हा माणूस नव्हे. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तो तुकडा मी खाल्ला.

पुढचं मला तीन आठवड्यांनी कळलं, पण ते इथेच सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी भिंगरी जेवायला गेलेली असताना काकांनी वर जाऊन तो पत्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाजू तीन पूर्णांक दहा शतांश. पाच मिनिटांच्या घासण्यात प्रत्येक कडेला कागदाच्या निम्म्या जाडीएवढं जास्त गेलं होतं. पण चारी बाजूंनी गेलं की क्षेत्रफळ नऊचं साडेनऊच्याही वर जातं. भोकातून उजेड जास्त जात होता, आणि हिशोब नऊचाच चालला होता. काकांनी खिशातल्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने भागाकार केला. पंचवीसचे झाले तेवीस पूर्णांक चार. नव्या क्षाराने काहीच केलं नव्हतं. सगळी करामत कानशीची होती.

त्या दुपारी ते माझ्याकडे आले आणि पातळ पत्र्याचा तुकडा मागितला. एका स्क्रूसाठीसुद्धा मी तीनदा "कशाला हवाय" विचारते, अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मी न विचारता दिला.

सांगायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. चौतीस वर्षांत त्यांचं एकही माप परत आलेलं नव्हतं. वरचे लोक नव्या पोरांना सांगायचे, कानसकाकांनी बनवलंय म्हणजे मोजायची गरज नाही. दुसरं म्हणजे तो "आई, पंचवीस" त्यांच्या कानातून जात नव्हता. आणि सेल तपासणी केंद्राला गेले तर ते लोक स्वतःचा पत्रा लावणार आणि पोरीची जाहीर शोभा होणार. ते काहीही करून टाळायला हवं होतं. मग त्यांनी स्वतःला फार शहाणा वाटणारा मार्ग काढला. बरोब्बर तीनचं नवं भोक बनवलं, काळं केलं, आणि सेल मोजायच्या यंत्राचा स्क्रू आवळायच्या निमित्ताने वर जाऊन पत्रा बदलला. आता आकडा आपोआप जागेवर येईल, पोरगी चार दिवस हळहळेल आणि म्हणेल, पेरोव्स्काइट आहे, चालायचंच. पदार्थ बदनाम होताच. आणखी एक आळ त्याच्यावर घातला तर तो थोडाच तक्रार करणार होता.

आकडा आला जागेवर. सोमवारी तेवीस पूर्णांक चार. मंगळवारी तेवीस पूर्णांक चार.

पण भिंगरी हळहळून गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने आधी हवेला धरलं. खोलीत ओलावा शोषणारं यंत्र दिवसरात्र घरघरायला लागलं आणि चहाचा कप घेऊन आत यायला बंदी झाली. मग तिने माणसांना धरलं. अत्तर लावून येऊ नका, ओले केस घेऊन येऊ नका. मग तिने मला धरलं.

"भांडारबाई, गेल्या आठवड्यात दिलेली बाटली जुनी होती का?"

"माझ्या भांडारात मी सोडून काहीही जुनं नाही," मी म्हणाले. एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिने बाटलीचं लेबल तीनदा वाचलं आणि निघून गेली. मी दुखावले, चार दिवस तिच्याशी तुटकपणे वागले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

सरांचं धावणं थांबलं. "हात नीट धुतेस ना?" असं ते एकदा तिला म्हणाले. पुढे काही म्हणेनासे झाले, आणि ते तर जास्तच वाईट.

तीन आठवड्यांत तिने एकशे चाळीस सेल बनवले. काका रोज वर जायचे. सैल नसलेले स्क्रू आवळायचे. तिच्या वहीतला आकड्यांचा रकाना वाचायचे आणि खाली यायचे. त्या दिवसांत मी त्यांना माझ्या कपाटाची मूठ दुरुस्तीला दिली होती. ती परत आली आणि माझं बोट कापलं. कड होती. कानसकाकांकडून आलेल्या वस्तूला कड होती, आणि तरी मी विचारलं नाही. मनात आलं होतं, खोटं का बोलू. पण विचारलं तर काहीतरी ऐकावं लागेल, या भीतीने तोंडाला कुलूप लावून बसले.

मग एका सकाळी भिंगरी माझ्या काउंटरशी आली. "एखादा रिकामा खोका आहे का? पुस्तकं भरायला."

"कुठे चालली पुस्तकं?"

"मी चालले." तिने बॅगेतून एक कागद काढून दाखवला. सरांच्या नावे पत्र. "पंचवीस एकदा आले ते माझ्याकडून चुकून आले असणार. जे पुन्हा करता येत नाही ते मला येतच नाही. एकशे चाळीस वेळा केलं. माझे हातच वाईट आहेत, बाई."

मी खोका दिला. ती वर गेल्यावर भांडार उघडं टाकून समोर वर्कशॉपमध्ये गेले.

"भिंगरी खोका मागून गेली," मी म्हणाले. "सोडून चाललीय. हात वाईट आहेत म्हणते."

काकांनी कानस खाली ठेवली आणि उभ्या उभ्या मला सगळं सांगितलं. घासलं कसं, बदललं कसं. खालच्या मानेने, न थांबता.

मला भयंकर राग आला. "घरी तरी सांगितलंत?"

"सांगितलं. बायको म्हणाली, माझ्या चुका दाखवायला तुम्हाला अर्धं मिनिट लागत नाही, मग स्वतःची दाखवायला तीन आठवडे कशाला?"

"मग?"

"मग तेव्हापासून ती बोलत नाही माझ्याशी." त्यांनी खिशातून जुना पत्रा काढला. "तुम्ही चला बरोबर. वाटेत मला परत फिरू देऊ नका."

दोन मजले चढायला आम्हाला पाच मिनिटं लागली, कारण प्रत्येक वळणावर त्यांना दम लागत होता. खरा दम फक्त शेवटच्या वळणावरचा होता.

भिंगरी पुस्तकं भरत होती. काकांनी जुना पत्रा तिच्या टेबलावर ठेवला. "हा आधीचा. पंचवीस आले तेव्हाचा. आत्ता यंत्रात आहे तो दुसरा. मी बदललाय."

तिला कळलं नाही. तिने दोघांकडे बघितलं आणि मग दोन्ही पत्रे मोजले. समोर होता तो कागद उलटा करून त्यावर हिशोब केला. तो तिच्या राजीनाम्याचा कागद होता, हे तिच्या लक्षातही आलं नाही. पेन थांबलं.

"तीन आठवडे, काका," ती म्हणाली. "मी रोज तुमच्यासमोर म्हणत होते की माझे हात वाईट आहेत. आणि तुम्ही स्क्रू आवळत होतात."

"हो," काका म्हणाले.

"तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

"रोज वाटलं. रोज भ्यालो."

ती रडली. तिने त्यांना बसा म्हटलं नाही आणि ते बसले नाहीत. मी खोक्यातल्या पुस्तकांची नावं वाचत उभी राहिले, एकही कळलं नाही. रडणं ओसरल्यावर काका हळूच म्हणाले, "एक सांगू? तू वही बघत नाहीस, मी रोज बघतो. एकशे चाळीस सेल. सगळे तेवीस पूर्णांक चारच्या आसपास, दाण्याला दाणा लावल्यासारखे. हा पदार्थ आज एक, उद्या दुसरंच असं म्हणता ना तुम्ही सगळे? एकशे चाळीस वेळा एकच माप काढणारा हात मी चौतीस वर्षांत बघितला नाही. माझासुद्धा नाही. ते तर आता तू मोजलंसच."

भिंगरीने वही ओढली आणि रकान्यावरून बोट फिरवायला लागली, वरून खाली, पुन्हा वरून खाली. तिचं बोट निम्म्यावर असताना सर आत आले. त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. ते आधी लाल झाले, मग त्यांनीही वही घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही. "एकशे चाळीस," ते स्वतःशी म्हणाले. "हे कुणालाच जमत नाहीये." मग एकदम सर झाले. "पंचवीसचा दावा आपण मागे घेऊ. नोंद अशी करू: मास्कच्या क्षेत्रफळात तफावत आढळून आली. कुणाचं नाव नको."

"आढळून कशी येईल?" काका म्हणाले. "ती काय रस्त्यात पडली होती? मी केली."

त्यांनी भिंगरीकडे कोरी चिठ्ठी मागितली. जुन्या पत्र्याच्या पाकिटावर ती चिकटवली आणि वर्कशॉपच्या जाड पेन्सिलीने, लोखंडावर खुणा करतात तशा अक्षरांत लिहिलं: बाजू ३.१०. मोजल्यानंतर घासला मी. गुपचूप बदलला तोही मीच. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. चौतीस वर्षं वरच्या प्रत्येक यंत्रात त्यांच्या हातचा काही ना काही तुकडा बसलाय, पण त्यांचं नाव आजवर कुठल्याही तुकड्यावर नव्हतं. पहिल्यांदा पडलं ते या भोकावर.

भिंगरीने चिठ्ठी वाचली. डोळे पुसले, त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: पुन्हा न मोजता वापरला, मी. सही केली. मग, काकांकडे न बघता, पायानेच एक स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

चिठ्ठीवर जागा थोडीच उरली होती. मी पेन्सिल मागितली. सर म्हणाले, "भांडारबाई, तुमचा काय संबंध?"

तिसरी ओळ माझी आहे. नवा पत्रा दिला, चेहरा दिसत होता, विचारलं नाही.